बीलमान गिरकी : एका अवघड पोझिशनची बदलती किंमत

फेब्रुवारी १९८० मध्ये अमेरिकेतील लेक प्लॅसिड या छोट्या गावात हिवाळी ऑलिंपिक भरले होते. स्त्रियांच्या एकेरी फिगर स्केटिंगमधील शेवटची आणि सर्वांत मोठी फेरी, म्हणजे चार मिनिटांचे फ्री स्केटिंग, झुरिकच्या सतरा वर्षांच्या डेनिस बीलमानने जिंकली. त्या फेरीत तिच्यापुढे कोणी नव्हते, तरी तिला पदक मिळाले नाही. सुवर्ण पूर्व जर्मनीच्या आनेट प्योट्शला, रौप्य अमेरिकेच्या लिंडा फ्रॅटियानीला आणि कांस्य पश्चिम जर्मनीच्या डाग्मार लुर्त्सला मिळाले. बीलमान चौथी आली. तिच्या कार्यक्रमातली एक गिरकी मात्र पाहणाऱ्यांच्या डोळ्यांसमोरून हटली नाही. एका पायावर फिरता फिरता दुसरा पाय पाठीमागून वर घ्यायचा, दोन्ही हातांनी त्याचे पाते धरायचे आणि तो डोक्याच्याही वर खेचायचा. ही गिरकी आज जगभर तिच्याच आडनावाने ओळखली जाते.

या अभ्यासाचा विषय ती पोझिशन आणि तिची किंमत हा आहे. १९८० मध्ये मानवी पाठीचा कणा जेवढा वाकत होता तेवढाच आजही वाकतो, बर्फ तितकाच निसरडा आहे आणि पातेही फारसे बदललेले नाही. पोझिशनची अवघडता जवळजवळ होती तशीच राहिली. बदलली ती नियमांच्या पुस्तकातली तिची किंमत. आधी ती स्वतंत्रपणे मोजलीच जात नव्हती, मग तिला भाव आला, आणि पुढे त्या भावाला अटी जोडल्या गेल्या. प्रत्येक बदलानंतर बर्फावर काय दिसू लागले, हे तपासण्याजोगे आहे.

पोझिशन नेमकी काय आहे

बहुतेक स्केटर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात, म्हणून त्यांचा मुख्य आधार डावा पाय असतो. बीलमान पोझिशनकडे जाण्याचा नेहमीचा रस्ता लेबॅक गिरकीतून जातो. लेबॅकमध्ये स्केटर डाव्या पायावर उभी फिरत असते, छाती आकाशाकडे उघडलेली, डोके व खांदे मागे झुकलेले आणि उजवा पाय गुडघ्यात वाकवून मागे उचललेला. सगळे वजन डाव्या पात्याच्या पुढच्या भागावर, टो पिक नावाच्या दातांच्या किंचित मागे, बोटभर जागेत एकवटलेले असते. पाते त्या जागी आतल्या कडेवर टेकलेले असते आणि बर्फावर एकावर एक अगदी लहान वर्तुळे कोरत जाते. गिरकी चांगली असेल तर ही वर्तुळे एका नाण्याभोवती मावतील इतकी जवळजवळ राहतात. बिघडली तर ती सरकत सरकत साखळीसारखी लांबतात. स्केटिंगवाले याला गिरकी ‘प्रवास करू लागली’ असे म्हणतात.

यानंतरचा क्षण सर्वांत कठीण आहे. स्केटर एक हात मागे नेते आणि उचललेल्या पायाचे पाते शोधते. ते तिला दिसत नाही, कारण ते पाठीमागे असते आणि ती स्वतः फिरत असते. हाताला ते कुठे सापडेल हे केवळ सरावाने ठाऊक झालेले असते. पाते जेमतेम चार मिलिमीटर जाडीचे, मधोमध खोबण असलेले आणि दोन्ही बाजूंना धार लावलेले असते. बर्फाच्या घर्षणाने ते ओले आणि थंड झालेले असते. त्याला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरावे लागते, मुठीत आवळून चालत नाही. तळहात कापू नयेत म्हणून पुष्कळ मुली पातळ हातमोजे घालतात. पहिल्या हाताने पाय खांद्याच्या उंचीपर्यंत आला की दुसरा हात त्याला येऊन मिळतो, दोन्ही खांदे सांध्यात फिरून कोपरे कानांजवळून पुढे येतात आणि पाय डोक्याच्या वर जातो. आंतरराष्ट्रीय नियमांतील व्याख्या याच शेवटच्या चित्राची आहे: मोकळा पाय मागून खेचून डोक्यापेक्षा उंच, डोक्याच्या वरच्या दिशेने आणि फिरण्याच्या अक्षाजवळ आणलेला असला पाहिजे.

मराठी वाचकाला हे चित्र पाहून नटराजासन आठवेल, आणि ते साहजिक आहे. पूर्ण नटराजासनातही दोन्ही हात डोक्यावरून मागे जाऊन पाय धरतात. परंतु हे साम्य छायाचित्रापुरतेच टिकते. आसन करणारा माणूस स्थिर जमिनीवर अख्ख्या तळव्याने उभा असतो, समोरच्या एका बिंदूवर नजर रोखतो आणि तोल सांभाळण्यासाठी धड किंचित पुढे झुकवू शकतो. गिरकीत यांतली एकही सवलत नाही. नजर रोखायला बिंदू नाही, टेकायला तळवा नाही, आणि धड पुढे झुकले की वजन पात्यावरच्या त्या बोटभर जागेवरून हलते व टो पिक बर्फ खरवडू लागतो. शिवाय जो पाय वर खेचायचा त्याला बूट आणि पाते मिळून बरेच वजन लटकलेले असते.

भौतिकशास्त्राच्या बाजूने पाहिले तर ही पोझिशन विलक्षण सुंदर आहे. लेबॅकमध्ये मागे पसरलेला पाय अक्षापासून दूर असतो. तोच पाय वर ओढून अक्षाजवळ आणला की शरीराचे जडत्व-आघूर्ण, म्हणजे फिरण्याला होणारा त्याचा विरोध, घटते आणि बाहेरून कोणताही जोर न लावता फिरण्याचा वेग वाढतो. चांगल्या बीलमानमध्ये शरीर उभ्या लांबट थेंबासारखे दिसते आणि तो थेंब पाहता पाहता वेग घेतो. वाईट बीलमानमध्ये याच्या नेमके उलट घडते: पाय पकडण्याच्या धडपडीत अक्ष डळमळतो, घर्षण वाढते, आणि पाय वर पोचेपर्यंत गिरकीतला जीव निघून गेलेला असतो. दोन्ही गिरक्यांचे छायाचित्र काढले तर ते सारखेच दिसेल. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

नाव तिचे, वाट जुनी

बीलमानने ही पोझिशन शून्यातून निर्माण केली असे म्हणणे बरोबर होणार नाही. ज्या लेबॅकमधून ती उगवते, त्याचे आणि एक पाय मागे आडवा ताणून फिरण्याच्या कॅमल गिरकीचे जनकत्व ब्रिटनच्या सेसिलिया कॉलेजला दिले जाते. १९३६ च्या ऑलिंपिकमध्ये वयाच्या पंधराव्या वर्षी रौप्य आणि १९३७ मध्ये जगज्जेतेपद मिळवणारी ही स्केटर आपल्या काळाच्या फार पुढे होती. पाय डोक्यावर खेचण्याची पोझिशनही १९६० च्या दशकात सोव्हिएत संघाच्या तमारा मोस्क्विनाने स्पर्धेत केली होती. मोस्क्विना पुढे जोडी प्रकारात गेली आणि नंतर जगातल्या सर्वांत यशस्वी जोडी-प्रशिक्षकांपैकी एक झाली. तिचा जोडीदार होता अलेक्सेई मिशिन. याच मिशिनचा शिष्य येवगेनी प्लुशेन्को याने १९९० च्या दशकाच्या अखेरीस ही गिरकी पुरुषांच्या स्पर्धेत आणली, तेव्हा ‘हे बायकांचे काम’ असे मानणाऱ्यांना गप्प बसावे लागले. जपानच्या युझुरू हान्यूनेही किशोरवयात ती केली. पुरुषांमध्ये ती आजही विरळाच दिसते, कारण वाढत्या वयाबरोबर खांदे आणि कंबर ज्या रीतीने घट्ट होत जातात, त्यात ही पोझिशन टिकवणे फार थोड्यांना जमते.

मग नाव बीलमानचेच का पडले? कारण तिने ती वेग न गमावता, कार्यक्रमाचा कळस म्हणून आणि वर्षानुवर्षे केली. खेळात पहिल्यांदा करणाऱ्यापेक्षा पक्के करून दाखवणाऱ्याचे नाव टिकते, आणि माझ्या मते इथे ते योग्य माणसाला मिळाले आहे. केवळ लवचीकपणाच्या जोरावर नाव कमावणारी ती स्केटर नव्हती, हेही सांगायला हवे. १९७८ मध्ये स्ट्रासबुर्गच्या युरोपीय स्पर्धेत ट्रिपल लुट्झ ही उडी यशस्वीपणे मारणारी ती पहिली स्त्री ठरली, आणि त्याच स्पर्धेत तांत्रिक गुणवत्तेसाठी तिला ६.० हा पूर्ण गुणही मिळाला. तरीही एकूण निकालात ती तिथेही चौथीच होती.

बर्फावरच्या रेघा

पुन्हा पुन्हा चौथे येण्यामागचे कारण अनिवार्य आकृत्या हे होते. त्या काळी प्रत्येक स्पर्धेची सुरुवात या फेरीने होत असे. स्केटर कोऱ्या बर्फावर एकटी येई आणि संगीताशिवाय, जवळजवळ शांततेत, वर्तुळांची ठरवून दिलेली आकृती एका पायावर रेखाटी. त्याच रेघेवरून पुन्हा आणि पुन्हा जायचे असे. तिचे काम झाले की परीक्षक बर्फावर उतरत, खाली वाकत, प्रसंगी गुडघे टेकून रेघा न्याहाळत: वर्तुळ गोल आहे का, वळणाच्या जागी पात्याची कड नेमकी बदलली आहे का, तिन्ही वेळच्या रेघा एकमेकींवर बसल्या आहेत का. लेक प्लॅसिडमध्ये एकूण गुणांत या फेरीचा वाटा सुमारे ३० टक्के होता, शॉर्ट प्रोग्रॅमचा, म्हणजे ठरवून दिलेल्या घटकांच्या छोट्या कार्यक्रमाचा, २० आणि फ्री स्केटिंगचा ५० टक्के. बीलमान आकृत्यांमध्ये बाराव्या क्रमांकावर राहिली. प्योट्श तिथे पहिली होती, आणि ती आघाडी तिला शेवटपर्यंत पुरली.

यात अन्याय झाला असे आज सहज म्हटले जाते. मला ते पूर्णपणे पटत नाही. आकृत्या हेही खरे कौशल्य होते. पात्याच्या कडेवरचा ताबा तिथे जसा उघडा पडे तसा दुसरीकडे कुठेच पडत नसे. अडचण वेगळी होती. प्रेक्षकाला आणि दूरदर्शनवर पाहणाऱ्याला ही फेरी दिसत नव्हती, आणि फ्री स्केटिंगमध्ये दिसणाऱ्या गोष्टींचे मोल मोजायला त्या गुणपद्धतीकडे बारीक माप नव्हते. परीक्षक सबंध कार्यक्रमाला दोनच आकडे देत, एक तांत्रिक गुणवत्तेचा आणि एक कलात्मक परिणामाचा, दोन्ही सहापैकी. कोणत्या गिरकीला किती, हा प्रश्न त्या कागदावर विचारलाच जात नव्हता. बीलमानची गिरकी परीक्षकाच्या मनावर ठसत असेल आणि आकडा वर सरकत असेल, पण ती एका साध्या उभ्या गिरकीपेक्षा किती मोलाची आहे हे कुठेही लिहिलेले नव्हते.

या व्यवस्थेचा एक चांगला परिणामही झाला, आणि तो नजरेआड करू नये. भाव ठरलेला नसल्यामुळे ती गिरकी ज्यांना खरोखर जमत होती त्यांनीच ती केली. बीलमानने १९८१ मध्ये इन्सब्रुकची युरोपीय आणि हार्टफर्डची जागतिक अशा दोन्ही स्पर्धा जिंकल्या, जगज्जेती ठरलेली ती पहिली स्विस स्त्री बनली, आणि ती व्यावसायिक स्केटिंगकडे वळली. त्यानंतरची वीस वर्षे ही पोझिशन हातांच्या बोटांवर मोजण्याइतक्याच स्केटरांची खूण राहिली. अनिवार्य आकृत्या १९९० च्या जागतिक स्पर्धेनंतर आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून गेल्या, तरी गिरकीचा भाव ठरवणारा कागद अजून यायचा होता.

या मधल्या काळातील सर्वांत ठळक नाव रशियाच्या इरिना स्लुत्स्कायाचे आहे. तिने बीलमान एका पायावर केली आणि मग पाय बदलून दुसऱ्यावरही केली. ऐकायला ही नुसती पुनरावृत्ती वाटते. तशी ती नाही. पाय बदलला तरी फिरण्याची दिशा तीच राहते, त्यामुळे डाव्या पायावर जे वजन आतल्या कडेवर होते ते उजव्या पायावर बाहेरच्या कडेवर जाते आणि पाठीला त्या नव्या अक्षाभोवती पुन्हा कमान करावी लागते. दोन्ही नितंब-सांधे आणि दोन्ही मांड्यांचे पुढचे स्नायू सारखेच लवचीक असावे लागतात, जे निसर्गतः क्वचित आढळते. स्लुत्स्काया हे करू लागली तेव्हा त्यासाठी वेगळा गुण मिळत नव्हता. किंमत लागण्यापूर्वीच तिने ते कमावले होते, ही बाब मला फार मोलाची वाटते.

भाव लागल्यानंतर

२००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये जोडी प्रकाराच्या निकालावरून मोठा वाद झाला आणि अखेर दोन जोड्यांना सुवर्ण द्यावे लागले. त्यातून आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने २००४ मध्ये सहा गुणांची जुनी पद्धत सोडून नवी गुणपद्धत स्वीकारली. आता प्रत्येक उडीला आणि प्रत्येक गिरकीला छापील मूळ मूल्य आले. गिरकीची पातळी एक ते चार अशी ठरू लागली, आणि ती ठरवण्यासाठी परीक्षकांपासून वेगळे तांत्रिक पथक चित्रफीत मागेपुढे करून पाहू लागले. पातळी वाढवायची तर गिरकीत ‘वैशिष्ट्ये’ हवीत: अवघड पोझिशन, कड बदलणे, एकाच पोझिशनमध्ये सलग आठ फेऱ्या, वेगात स्पष्ट वाढ, अशी. चार वैशिष्ट्ये जमली की चौथी पातळी.

नव्या पद्धतीची पहिली जागतिक स्पर्धा २००५ मध्ये मॉस्कोत झाली आणि ती स्लुत्स्कायाने जिंकली. तिच्यासाठी नवे नियम जणू आधीच शिवून ठेवलेल्या कपड्यासारखे होते. इतरांना मात्र तो कपडा अंगावर ओढून बसवावा लागला. अवघड पोझिशनच्या यादीत बीलमान होती आणि ती ओळखायला सोपी होती: पाय डोक्याच्या वर गेला की नाही, हे पथकाला पडद्यावर तात्काळ दिसते. साहजिकच ती मिळवण्याची धाव सुरू झाली. गिरकीतच नव्हे, तर एका पायावर बर्फावरून लांब घसरत जाण्याच्या स्पायरलमध्येही पाय डोक्यावर खेचला जाऊ लागला. त्या वर्षांतल्या स्पर्धांच्या चित्रफिती सलग पाहिल्या तर एक गोष्ट मन अस्वस्थ करते. ज्यांची पाठ मुळात त्या दिशेला वाकत नाही अशा मुलीही गुडघा अर्धवट वाकलेला, खांदे आवळलेले, चेहऱ्यावर ताण अशा अवस्थेत पाते कसेबसे वर नेतात, आवश्यक दोन फेऱ्या पुऱ्या करतात आणि सोडून देतात. नियमाला हवे असलेले चित्र तयार झालेले असते. ज्या वेगासाठी आणि ज्या रेषेसाठी बीलमानने ते केले होते, ते त्यात नसते.

याच काळातले एक उलट उदाहरण २००६ च्या तूरिन ऑलिंपिकमध्ये घडले. सुवर्णपदक जिंकणाऱ्या जपानच्या शिझुका अराकावाने पाठ पूर्ण मागे झुकवून दोन्ही पायांवर आडवे सरकत जाण्याची ‘इना बाउअर’ ही हालचाल आपल्या कार्यक्रमात ठेवली होती. त्या हालचालीला स्वतंत्र गुण नव्हता आणि तिच्यात वेळ जात होता, तरी तिने ती सोडली नाही. त्या रात्रीची आठवण काढणारे बहुतेक लोक आधी तीच हालचाल सांगतात. स्लुत्स्कायाला तिथे कांस्य मिळाले.

नियमकर्त्यांना हा प्रकार दिसत होता, आणि पुढील वर्षांत बीलमानच्या मान्यतेला अटी आल्या. एका कार्यक्रमात अवघड पोझिशनचा एक प्रकार एकदाच मोजला जाऊ लागला, त्यामुळे तीच पोझिशन तीन गिरक्यांमध्ये घालण्यात अर्थ उरला नाही. लेबॅकमधील बीलमानला शॉर्ट प्रोग्रॅममध्ये आणखी एक अट लागली: आधी लेबॅक पोझिशनमध्ये आठ फेऱ्या पूर्ण करायच्या आणि मगच पाय वर खेचायचा, तरच ते वैशिष्ट्य म्हणून धरले जाईल.

ही दुसरी अट वरवर किरकोळ दिसते. माझ्या मते या सबंध प्रकरणातील तोच सर्वांत शहाणा नियम आहे. बीलमानची खरी अवघडता तिच्या अंतिम चित्रात जितकी आहे त्याहून जास्त त्या चित्राकडे जाण्यात आहे. आठ फेऱ्या लेबॅकमध्ये काढायच्या म्हणजे अक्ष सुरुवातीलाच नेमका बसलेला हवा, आणि घर्षणाने वेग उतरत असताना, पाठ आधीच कमानीत असताना, न दिसणारे पाते शोधून ते वर न्यायचे. जिची गिरकी मुळात केंद्रात नाही तिचा हा डाव नवव्या-दहाव्या फेरीला उघडा पडतो. पूर्वीच्या नियमाने चित्राला भाव दिला होता; या अटीने चित्रापर्यंतच्या वाटेला भाव दिला.

दुसरा अंकुश गणिताचा आहे, आणि तो आकड्यांत पाहिलेला बरा. २०१८-१९ च्या हंगामापासूनच्या मूल्यतक्त्यात तिसऱ्या पातळीच्या लेबॅक गिरकीचे मूळ मूल्य २.४ आणि चौथ्या पातळीचे २.७ आहे. म्हणजे बीलमान हे चौथे वैशिष्ट्य म्हणून जमले तर स्केटरच्या हाती पडतात ०.३ गुण. त्याच हंगामापासून परीक्षक प्रत्येक घटकाच्या दर्जासाठी उणे पाच ते अधिक पाच अशी श्रेणी देतात, आणि तिची प्रत्येक पायरी मूळ मूल्याच्या दहा टक्के असते. चौथ्या पातळीच्या लेबॅकसाठी एक पायरी म्हणजे ०.२७. बीलमानसाठी केलेल्या ओढाताणीत गिरकी मंदावली, सरकली आणि परीक्षकांनी दोन पायऱ्या खाली उतरवल्या, तर ०.५४ गेले. तीन दशांश मिळवण्यासाठी त्याच्या जवळपास दुप्पट गमावल्यासारखे हे होते. तुलनेसाठी, बीलमानने १९७८ मध्ये मारलेल्या ट्रिपल लुट्झचे याच तक्त्यातील मूल्य ५.९ आहे. ज्या मुलीची पाठ या पोझिशनसाठी घडलेली नाही, तिच्या प्रशिक्षकाने हा हिशेब कागदावर मांडला तर तिला सक्ती करण्याचे कारण उरत नाही. कड बदलणे किंवा वेग वाढवणे हे वैशिष्ट्य मिळवण्याचे दुसरे सरळ मार्ग तिच्यासाठी खुले आहेत.

पाठीचा हिशेब

गुणांचा हिशेब एवढ्यावर थांबतो. शरीराचा थांबत नाही. पाठ मागे वाकवण्याचे काम कण्याच्या सगळ्या भागांत वाटले गेले पाहिजे, छातीमागच्या मणक्यांतही आणि खांद्यांतही. ते भाग घट्ट असले की सारी कमान कमरेच्या खालच्या मणक्यांवर येते, आणि तिथल्या शेवटच्या मणक्यांच्या मागच्या कमानीतला अरुंद हाडाचा पूल वारंवारच्या ताणाने हळूहळू तडकू शकतो. क्रिकेटच्या बातम्या वाचणाऱ्याला वेगवान गोलंदाजांच्या संदर्भात ‘स्ट्रेस फ्रॅक्चर’ हा शब्द परिचित आहे. जिम्नॅस्ट आणि फिगर स्केटर यांच्यात आढळणारी दुखापत बऱ्याचदा त्याच जातीची असते. वाढीच्या वयात हाड अजून पक्के झालेले नसते, आणि नेमके याच वयात शरीर सर्वांत लवचीक असल्यामुळे या पोझिशनचा सरावही सर्वाधिक होतो. एका अधिकृत गिरकीमागे सरावातल्या किती ओढी असतात, हे रिंकच्या काठावर बसणाऱ्या आईवडिलांना विचारावे.

आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२२ मध्ये वरिष्ठ गटातील प्रवेशाचे किमान वय १५ वरून टप्प्याटप्प्याने १७ वर नेले. तो निर्णय बीलमानसाठी घेतलेला नाही. पण त्यामुळे किशोरवयातील लवचीकतेवर सर्वस्व उधळण्याची घाई थोडी कमी होईल अशी आशा वाटते.

आपल्याकडे बर्फाचे रिंक मोजकेच, परंतु चाकांवरील आर्टिस्टिक रोलर स्केटिंग महाराष्ट्रात मुले मनापासून करतात आणि गिरक्यांची नावे व पोझिशन तिथे बव्हंशी याच खेळातून आलेल्या आहेत. त्या मुलांच्या पालकांना आणि शिक्षकांना माझे कळकळीचे सांगणे आहे की मोबाइलवरची चित्रफीत पाहून घरात, भिंतीला धरून, मुलीचा पाय दुसऱ्या कोणी वर ढकलू नये. पाय वर नेणारी शक्ती मुलीच्याच पाठीतून आणि खांद्यातून यायला हवी. बाहेरून लावलेला जोर सर्वांत कमकुवत मणक्यावर जाऊन थांबतो. तीन आठवड्यांहून अधिक काळ कंबर एकाच जागी दुखत असेल आणि मागे वाकल्यावर दुखणे वाढत असेल, तर सराव बंद ठेवून अस्थितज्ज्ञाला दाखवावे.

डेनिस बीलमान स्वतः ही गिरकी पन्नाशी ओलांडल्यावरही करत राहिली. याचा अर्थ ती कोणालाही जमेल असा होत नाही. एका विशिष्ट शरीराने, लहानपणापासून, स्वतःच्या मापाने ती घडवली होती एवढाच होतो. पुढच्या वेळी एखाद्या स्पर्धेचे प्रक्षेपण पाहताना लेबॅक सुरू झाली की फेऱ्या मोजाव्यात. आठपर्यंत पोचल्यावर नजर वर जाणाऱ्या पायाकडे न नेता खाली, बर्फाला टेकलेल्या पात्याकडे ठेवावी. हात मागे जातो, पाते सापडते, दुसरा हात येऊन मिळतो. एवढे होईपर्यंत खालचे पाते जिथे होते तिथेच फिरत राहिले, तर आपण बीलमान पाहिली.